कळकाला फुलोरा आलाय, आता काय करायचं?

पाणंदीकाठी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाच आहे पण इथे शेतीवाले आणि गवत-झाडांतले बरेच जण आहेत म्हणून टाकतेय. आमचं घर कुडाळ तालुक्यात, मागे व्हाळ (ओढा) आहे आणि व्हाळाच्या कडेला कळकाचं, म्हणजे बांबूचं, जुनं बेट आहे, काटेरी, आत मांजर पण शिरत नाही असलं. दिवाळीनंतर त्याची पानं गळायला लागली, म्हटलं पाणी कमी पडलं असेल, पण आता शिमगा झाला तरी एक नवीन पान नाही आणि सगळ्या काठ्यांवर शेंड्यापासून खालपर्यंत प्रत्येक पेराशी वाळक्या तुसांचे झुबके लटकलेत. सकाळी खाली उभं राहिलं की डोक्यावर पिवळी भुकटी पडते आणि वर मधमाश्या नुसत्या घोंघावतायत.
सासूबाई म्हणतात कळक फुलला की दुष्काळ. शेजारचे म्हणतात आजच्या आज तोडा नाहीतर बाजूच्या माणग्याला (तो बिनकाट्याचा बांबू) लागेल. माझी खरी काळजी तीच आहे, माणग्याचे दरवर्षी चार पैसे येतात. मुलगी बीएस्सीला आहे, तिने एक डहाळी भिंगाखाली घातली आणि आता तिचा वेगळाच प्रश्न, की ह्याला कणीस म्हणायचं, लोंबी म्हणायचं की तुरा, कारण पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही. तर एक प्रश्न माझा एक तिचा. फोटो चढत नाहीये, परत प्रयत्न करते.

झेलेवाला
बेट जाणार. हिरव्या आहेत तोवर काठ्या विकून मोकळ्या व्हा. माणग्याला काही होत नाही.

कोंडुरा
वाचतेय. आमच्याकडे आजी पण दुष्काळाचं म्हणायची.

सडावासी
ताई, आधी तुमची काळजी मिटवतो मग मुलीच्या प्रश्नाकडे येतो कारण तो जास्त मजेशीर आहे.
फुलण्याची लागण होत नाही. तो रोग नाही, बेटाचं वय झालंय. काटेरी कळक साधारण चाळीस ते पन्नास वर्षांत एकदाच फुलतो, बी धरतो आणि मरतो. माणगा ही वेगळी जात आहे, त्याचं वेळापत्रक वेगळं. एकाच बांधावर दोघं उभे असले तरी एकमेकांचं ऐकत नाहीत.
आता कणीस की लोंबी. मुलीला सांगा, गवतात फूल शोधायचं नाही, फांदी शोधायची. गवताचं खरं फूल दोन तुसांच्या मधे लपलेलं असतं, त्याला ना रंग ना वास. अशी एक किंवा अनेक फुलं मिळून एक कणिशिका होते. ह्या कणिशिका दांड्यावर कशा मांडल्यात त्यावरून आपली सगळी नावं पडलीत. गव्हात त्या मधल्या दांड्याला थेट चिकटलेल्या असतात म्हणून ओंबी गच्च. भातात दांड्याला फांद्या, फांद्यांना परत फांद्या आणि टोकाला कणिशिका, म्हणून लोंबी वाकते. नाचणीत चार-सहा बोटं एका ठिकाणाहून फुटतात आणि प्रत्येक बोटाच्या एकाच अंगाला दोन रांगांत कणिशिका बसतात. दारातली दूर्वा उपटून बघा, तिलाही तशीच बारीक बोटं असतात.
कळकात मात्र अख्खी काठीच लोंबी होते. पानं गेली, उरला फांद्यांचा सांगाडा, आणि त्याच्या पेरापेरावर झुबके. म्हणून पुस्तकातल्या चित्रात बसत नाही.

नाचणीचीभाकरी
नाचणीच्या बोटांवर बोललात म्हणून सांगते, भाताच्या एका कणिशिकेत एकच फूल म्हणून एकच दाणा, पण नाचणीच्या एकेका कणिशिकेत चार-सहा फुलं असतात म्हणून बोट मळलं की एवढ्याशातून मूठभर निघतं. आमच्या दापोलीकडे वरी पण करायचे, तिची लोंबी भातापेक्षा मोकळी, दाणा हाताला लागायच्या आत खाली. आता कोण करतंय म्हणा.

गगनबावडी
ते घड्याळ वगैरे मला पटत नाही. पाऊस कमी झाला, मुळाला ताण बसला की फुलतं झाड. आंबा नाही का ताणावर मोहरत? कळकाचं पण तेच असणार. उगाच चाळीस वर्षं पन्नास वर्षं.

सडावासी
@गगनबावडी ताणाने एखादी काठी फुलते, ते खरं आहे, तुरळक फुलोरा म्हणतात त्याला. पण जपानच्या माडाके बांबूचं उदाहरण घ्या, त्याचं चक्र १२० वर्षांचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो जपानात फुलला आणि त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत नेऊन लावलेली बेटं पण फुलली. तिकडचा पाऊस वेगळा, माती वेगळी, थंडी वेगळी. कंदाचा तुकडा कुठेही न्या, आईचं वय बरोबर घेऊन जातो.

गगनबावडी
बरं. पण ताणाचा काहीच संबंध नाही हे मी मानणार नाही. एखाद-दोन वर्षं मागेपुढे तर होत असेलच.

सडावासी
मागेपुढे होतंच, सगळा डोंगर एका दिवसात फुलत नाही, दोन-तीन वर्षं चालतं ते.

माका_काय_म्हायत
माणगो फुललो म्हणान कोण घाबारता? आमच्या कुंपणाक लागान आसा, मागे त्येच्यो दोन काठयो फुलल्यो, त्यो वाळान गेल्यो, बाकीचा बेट अजून हिरवागार आसा. बी एक नाय गावला. कळकाची गजाल वेगळी, तो फुललो काय गेलो. वायच काठयो तोडून घेवा नि गप ऱ्हवा.

झेलेवाला
+१ मालवणी काकांना. माणग्याला बी धरलेलं मीही पाहिलेलं नाही, म्हणूनच सगळी लागवड कंद नाहीतर कांडी लावून. भरीव काठी, काटा नाही, सरळ वाढते, सिंधुदुर्गातल्या बांधाबांधावर म्हणूनच पसरला. आमचे आंबे काढायचे झेले सगळे त्याच्याच काठीवर.

चष्मेबद्दूर
कळक फुलतो, कारवी फुलते, फक्त आमचं नशीब फुलत नाही :)

नाचणीचीभाकरी
कारवी गवत नाही हो, पण सवय तीच. सात वर्षांनी सगळा डोंगर जांभळा, मग बी आणि मग वाळून काटक्या. तिच्या मधाचे भाव ऐकलेत का?

चष्मेबद्दूर
भाव ऐकले, म्हणून तर नशीब म्हटलं.

आगरातली
दुष्काळाचं अगदीच उडवून लावू नका. मिझोराममध्ये जे झालं ते खरंच झालंय. तिकडचा 'मुली' नावाचा बांबू ४८ वर्षांनी डोंगरच्या डोंगर फुलतो, त्याला आपल्या कळकासारखा दाणा नाही, पेरूएवढं मांसल फळ येतं. उंदरांना एवढं खायला मिळालं की त्यांची पिलावळ वाढते, फळं संपली की सगळी फौज भाताच्या शेतात. त्याला ते मौताम म्हणतात. १९५९ च्या मौतामनंतर सरकारने वेळेवर मदत केली नाही म्हणून दुष्काळ निवारणासाठी जी संघटना उभी राहिली तिचाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाला, बंड झालं, आणि समझोता व्हायला १९८६ उजाडलं. नंतरचा फुलोरा २००६ ते २००८ मधे आला तेव्हा आधीच तयारी केली होती तरी पिकं गेलीच. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं कुठूनतरी आलेलं असतं.
तुमच्या एका बेटाने मात्र फार तर घुशी थोड्या जाड होतील.

बुरूडआळी
जाड घूस नको हो, आमची आधीच सूप कुरतडते.

पाणंदीकाठी
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना मौतामचं वाचून दाखवलं, आता त्या विजयी मुद्रेने फिरतायत. मुलगी विचारतेय, सडावासी काकांनी सांगितलं ते सगळं ठीक, पण मागच्या आठवड्यात तिने ज्या झुबक्यात मोजून कणिशिका बघितल्या होत्या त्याच झुबक्यात आज जास्त दिसतायत. असं कसं? भाताची लोंबी बाहेर पडल्यावर तिला नवीन फांदी फुटते का कधी?

सडावासी
शाब्बास! हेच ते. ह्याच्यासाठी मी मगाशी थांबलो होतो.
भात पोटरीला येतं तेव्हाच आत लोंबीच्या सगळ्या फांद्या तयार असतात. निसवलं की शेंड्याकडून फुलायला सुरुवात होते आणि आठवडाभरात खालपर्यंत संपतं. दुकान बंद. कळकाचं तसं नाही. त्याच्या कणिशिकेच्या तळाशी जी दोन-चार तुसं असतात ना, त्यांच्या बगलेत डोळा असतो, उसाच्या पेरावर असतो तसाच पण टाचणीच्या टोकाएवढा. पहिली कणिशिका फुलून गेली की तो डोळा फुटतो आणि त्यातून दुसरी कणिशिका, तिच्या तळाशी परत तुसं, परत डोळा, परत तिसरी. कोकणातल्या घराला पडवी काढतात, मग पडवीला परत पडवी, तसं वाढत जातं. म्हणून झुबका महिन्या-महिन्याने दाट होत जातो आणि वाळकी न् ताजी कणिशिका शेजारी शेजारी दिसतात. ह्याला आभासी कणिशिका म्हणतात. सगळ्या बांबूंत नसते, काहींचा फुलोरा भातासारखा एकदाच ठरलेला असतो, पण कळक न् माणगा दोघंही ह्या पडवीवाल्यांतले.
मुलीला सांगा, झुबक्यातलं सगळ्यात बाहेरचं, अगदी कोवळं कणीस घे, सुईने तळाचं तूस खाली ओढ. बगलेत हिरवट टिंब दिसलं तर तो डोळा. आणि आत गेलीच आहे तर पुंकेसर मोज, सहा सापडतील. गव्हात, ज्वारीत तीन असतात.

मिठागर
भातात पण सहाच असतात ना? आम्हाला कॉलेजात दाखवले होते.

सडावासी
बरोबर, भातात सहा. आणि बांबू हा भाताच्या जवळचा, उसाच्या लांबचा, दिसायला उसाचा भाऊ वाटत असला तरी. गवतांच्या कुळात बांबू, भात आणि गहू एका फांदीवर येतात. ऊस, मका, ज्वारी, नाचणी दुसऱ्या.

आगरातली
म्हणजे कळकाचे तांदूळ खातात ते उगाच नाही. आमच्या आईने लहानपणी खाल्लेत, भातासारखेच शिजतात पण गव्हाच्या दाण्यासारखे दिसतात म्हणायची, किंचित गोडसर.

तिसरीघंटा
अहो सरकारला कुठे पटत होतं बांबू गवत आहे म्हणून! १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडाच्या व्याख्येत बसवला होता, २०१७ साली दुरुस्ती करून काढला. नव्वद वर्षं एक गवत झाड म्हणून जगलं. आमच्या भागात एका कचेरीत स्वतःच्या बांधावरचा बांबू न्यायला मी जेवढे खेटे घातलेत तेवढ्यात कळक दोनदा फुलला असता.

चष्मेबद्दूर
@तिसरीघंटा आणि तुमची फाईल मात्र माडाके. १२० वर्षांनी.

मिठागर
गवताचं फूल बघायचं तर भाताचं बघा ना, कुठे कळक फुलायची वाट बघताय. साधारण नऊ-दहाच्या उन्हात शेताच्या बांधावर उकिडवं बसायचं. दोन तुसं हळूच उघडतात, आतून सहा पिवळट पिशव्या बाहेर लोंबतात, तासाभरात तुसं मिटतात आणि पिशव्या बाहेरच राहतात. तुसं उघडतात ती तळाशी दोन बारीक पारदर्शक गोळ्या पाणी पिऊन फुगतात म्हणून. पाकळ्यांचं जे काही शिल्लक राहिलंय ते तेवढंच. नेमका त्या दिवसांत सकाळी पाऊस झोडपला की मग पोचट निघतं सगळं, हे शेतकऱ्याला भिंगाशिवाय कळतं.

सडावासी
कळकात त्या गोळ्या तीन असतात. बाकी सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. कोजागिरीला दाराला नवं (नव्या भाताच्या लोंब्या) बांधताना लोंब्या हातात असतात तेव्हा नीट बघा, वाळलेल्या पिशव्या कधीकधी तुसात अडकलेल्या सापडतात.

कोंडुरा
मग मक्याचं काय? वर तुरा आणि मधे कणीस. फूल दोन ठिकाणी का?

नाचणीचीभाकरी
वर नर, खाली मादी. कणीस म्हणजे बाजूची फांदीच, पानांत गुंडाळून आखडलेली. तिच्या टोकाचे केस म्हणजे एकेका दाण्याची एकेक नळी. ज्या केसावर परागच पडला नाही त्याचा दाणा भरत नाही, म्हणून दातपडकी कणसं.

वेळासकर_नव्हे
अवांतर आहे पण गवताचा विषय निघालाय तर समुद्रावर या. वाळूच्या टेकाडांवर ते टोचरं निळसर गवत असतं ना, त्याचे फुटबॉलएवढे काटेरी गोळे वाऱ्यावर ओल्या वाळूवरून गडगडत जातात, आमची पोरं मागे पळतात. तो गोळा म्हणजे मादीचा फुलोरा. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. एक गोळा फोडून पाहिला होता, मधून चहूकडे लांब सुया आणि प्रत्येक सुईच्या बुडाशी एकेक कणिशिका. अख्खा फुलोराच तुटून बी पेरत फिरतो. तामिळनाडूत त्याला रावणाची मिशी म्हणतात.

सडावासी
स्पिनिफेक्स. फार सुंदर गवत. आता तिथे लोक शोभेची सुरूची झाडं लावून आणि गाड्या फिरवून त्याची वाट लावतायत, पण तो वेगळा धागा होईल. आणि आमच्या सड्यावर पावसाळ्यात या, कातळावरच्या दोन बोटं मातीत ग्लायफोक्लोआ नावाचं गवत उगवतं. ही अख्खी प्रजातीच भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठे नाही, त्यातल्या एकीचं शास्त्रीय नावच रत्नागिरीवरून आहे. लोक सडा म्हणजे पडीक जमीन समजतात ह्याचा राग येतो.

बुरूडआळी
आमच्या पायमोज्यांत घुसणाऱ्या कुसळीबद्दल पण दोन शब्द प्रेमाचे होऊ द्या.

वेळासकर_नव्हे
तिचं कुसळ ओलं केलं की स्वतःभोवती फिरतं, बशीत पाणी घेऊन बघा. बी जमिनीत घुसवायला. तुमचा मोजा तिला जमीनच वाटतो.

दगडीचाळ_ते_देवगड
मी वेगळं सांगतो. आमच्या काकांनी कळकाला फुलं दिसताच फुललेल्या काठ्या बुडातून तोडल्या, शेण घातलं, मीठ टाकलं आणि बेट वाचवलं. तेव्हा "बेट जाणारच" असं छातीठोक सांगू नका.

झेलेवाला
किती काठ्या फुलल्या होत्या?

दगडीचाळ_ते_देवगड
तीन-चार असतील.

झेलेवाला
मग तो तुरळक फुलोरा होता, मीठ नसतं घातलं तरी वाचलं असतं. ताईंचं पूर्ण बेट निष्पर्ण आहे, शेंड्यापासून खालपर्यंत. पोतंभर मीठ घातलं तरी उपयोग नाही, उलट शेजारच्या माणग्याची मुळं जळतील.

दगडीचाळ_ते_देवगड
मिठाने बांबू जळत नाही, खाडीकाठी उभी आहेत की बेटं. पण असो.

पेठेतला_कोकणी
पुण्याचं नाव नाही निघालं अजून म्हणून काढतो :) राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी काचेच्या बाटलीत वाढवलेल्या बांबूच्या रोपांना फुलं आणून दाखवली होती, १९९० साली 'नेचर'मध्ये छापून आलं. चाळीस वर्षांची वाट काही महिन्यांवर. त्यातली एक जात हा तुमचा काटेरी कळकच. आणि बाटलीतल्या द्रावणात संप्रेरकाबरोबर काय घातलं होतं? नारळाचं पाणी. कोकणी माणसाने कॉलर ताठ करावी.

चष्मेबद्दूर
शहाळं आम्ही पण पितो, आम्हाला काही फुलोरा येत नाही.

गगनबावडी
बघा, म्हणजे बाहेरून काही दिलं तर घड्याळ पुढे सरकतं. मी ताणाचं म्हणत होतो ते एवढं पण चुकीचं नव्हतं.

सडावासी
बाटलीतलं बाटलीत. पण मान्य, तेवढा मुद्दा तुमचा.

मिठागर
एक विचारू? कळकाचे ते काटे, ते पानांचे असतात का सालीचे? गुलाबासारखे?

सडावासी
फांद्या आहेत त्या. पेरावरच्या डोळ्यातून मधली मोठी फांदी आणि बाजूला दोन बारक्या निघतात, त्याच बारक्या पुढे न वाढता आखडून वाकतात आणि टोकदार होतात. खालच्या पेरांवर पानं कमी, काटे जास्त, म्हणून बेटाचं बूड जाळीसारखं विणलेलं. तोच डोळा खाली काटा होतो, वर फांदी, आणि ह्या वर्षी झुबका. मुलीला हे तिन्ही एका काठीवर दाखवता येतील, आत्ताच, बेट उभं आहे तोवर. बाजूला माणग्याची काठी ठेवा, तिच्या खालच्या पेरांवर डोळे नुसते झोपलेले असतात, फांदी जवळजवळ नाही, म्हणून ती सोलायला सोपी.

आगरातली
मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, घराच्या बाजूच्या काठ्या आधी काढा. चैत्र-वैशाखात वणवा आला तर वाळलेलं बेट पेटायला ठिणगी पुरते आणि तुम्ही म्हणताय घराच्या मागेच आहे. व्हाळाकडच्या अर्ध्या ठेवा, बी पडू दे. खाली झाडून जागा साफ ठेवा म्हणजे बी गोळा करता येईल. आणि ते लगेच पेरा, बांबूचं बी डब्यात ठेवून पुढच्या वर्षी उगवत नाही.

झेलेवाला
आणि रोपं करणार असाल तर हीच करा. बियाचं रोप म्हणजे वय शून्य. नर्सरीतून कंद किंवा कांडीचं रोप आणलंत तर आधी विचारा आई किती वर्षांची. आमच्या ओळखीच्याने कुठूनतरी कळकाचे कंद आणून कुंपणभर लावले, धड काठी धरायच्या आत सगळे फुलून वाळले. विकणाऱ्याने वय सांगितलं नाही, ह्याने विचारलं नाही.

पाणंदीकाठी
जूनचा शेवटचा आठवडा, वर काढतेय धागा. घराकडच्या काठ्या काढून विकल्या, भाव बेताचाच मिळाला, मांडवाला गेल्या. व्हाळाकडच्या अर्ध्या ठेवल्या होत्या. मे महिन्यात खाली बी पडलं, घुशी झाल्या थोड्या पण मांजर खूश. दोन शेर बी सासूबाईंनी स्वतः पाखडून घेतलं, दुष्काळ विसरून, आणि खीर केली! आगरातली म्हणाली तशी गोडसर लागते. माणग्याला काहीही झालेलं नाही, नवे कोंब आलेत.
मुलीला डोळा सापडला. तिसऱ्या पडवीपर्यंत गेली ती, चौथ्या वेळी सुई मोडली.
आता पावसाने बेटाखाली तरवा टाकल्यासारखी रोपं उगवलीत, भाताचीच वाटतात. कोणाला हवी असतील तर सांगा. पोस्टाने टिकतील का?

बुरूडआळी
मला दहा पाठवा. मुळाला नारळाचं ओलं सोडण गुंडाळा, वर प्लास्टिक, टिकतात.

नाचणीचीभाकरी
टिकतात, पण पहिली दोन वर्षं गवतच दिसतं, कोणी तण म्हणून उपटणार नाही एवढं बघा. जाड काठीला सात-आठ वर्षं धरून चला.

माका_काय_म्हायत
कळक कित्याक लावतास? गुरां अडाकतत, हात फाटतत. माणगो लावा.

बुरूडआळी
काका, डुक्कर माणग्याला भीत नाही. मला कुंपणच हवंय.